पाऊस आला की अलार्म बोंबलतो

प्रश्न: जुन्या गाडीला बाहेरून अलार्म बसवून घेतलाय. पाऊस लागला की रात्री आपोआप वाजतो, शेजारी शिव्या घालतात. शॉक सेन्सर (गाडीला धक्का लागला की अलार्म वाजवणारा) एकदम कमी केला तरी तेच. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: दादा, सेन्सर कमी करूनही वाजतोय म्हणजे संशय दाराच्या नाहीतर बॉनेटच्या स्विचवर. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा दार उघडलं की तो स्विच अलार्मची वायर बॉडीला जोडतो, म्हणजे अर्थिंग करतो, आणि आपल्याकडचा पाऊस काय एकदा लागला की थांबायचं नाव घेत नाही, त्यात पाणी मुरलं की अलार्मला वाटतं दार उघडलं. बॉनेटचा पिन स्विच आधी काढून बघा, पाणी पहिलं तिथंच जातं, गंजलेला असेल तर बदलूनच टाका. मग मल्टीमीटर घ्या, दाराची ट्रिगर वायर (स्विचकडून अलार्मला जाणारी) आणि बॉडी यांच्यात दार बंद असताना साधारण 12 व्होल्ट, उघडल्यावर शून्याजवळ दिसायला पाहिजे. बंद असतानाच व्होल्टेज पडत असेल तर एकेका दाराचा स्विच सोडवत जा, ज्याला सोडवल्यावर ठीक होईल तोच चोर.

स्विच बरे निघाले तर अलार्मची काळी, म्हणजे अर्थिंगची वायर शोधा, बसवणारे ती रंगाच्या पत्र्यावरच स्क्रूखाली दाबून मोकळे होतात. पेंट खरवडून घट्ट करा. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेले जॉइंट असतील तर सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, फक्त मीटर लावताना जोडा.