श्टुटगार्टला निघालेल्या ताईंना, जंगलातल्या बालवाडीबद्दल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या राजारामपुरीतून जर्मनीतल्या श्टुटगार्टला, तिथल्या येत्या उन्हाळ्याच्या अखेरीस जायचंय, मुलगी साडेतीन वर्षांची, नेहमीच्या किटात (तिथल्या पाळणाघर-बालवाडीत) जागा मिळाली नाही, पण जंगलातल्या बालवाडीकडून होकार आलाय. सासूबाई म्हणतात, पोरगी सारखी आजारी पडेल, अभ्यास काहीच होणार नाही, आणि उद्या परत आलात तर पहिलीत कोण घेणार? मी मंगळवार पेठेतली. आता श्टुटगार्टच्याच भागात राहते आणि माझा मुलगा अशाच बालवाडीतून शाळेत गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या नोकरीचं बोलूया, कारण निर्णय तिथेच अडतो. वाल्डकिंडरगार्टन, म्हणजे उघड्यावर भरणारी ही जंगलातली बालवाडी, बहुतेक ठिकाणी सकाळी सुरू होऊन दुपारी एक-दोनपर्यंत सुटते. तुम्ही किंवा तुमचे मिस्टर दुपारी मोकळे असाल तर बिनधास्त होकार द्या. दोघंही पहिल्या महिन्यापासून पूर्णवेळ ऑफिसला जाणार असाल तर मात्र ओढाताण होईल. मग नेहमीच्या किटाच्या यादीत नाव ठेवून थांबलेलं बरं. बऱ्याच किटांमध्ये आठवड्यातून एक दिवस मुलांना रानात नेतात, तेही काही कमी नाही. कायद्यानं 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा हक्क आहे, पण हक्क असला तरी जागा हातात पडेलच असं नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे.

दुसरं म्हणजे आइनगेव्होनुंग, मुलाला रुळवण्याचा काळ. आपल्याकडे पहिल्या दिवशी रडणारं पोर बाईंच्या हातात देऊन पालक मागं न बघता निघतात. तिथे तसं चालत नाही. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर थांबतात आणि एकत्रच घरी येतात. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाजूला व्हायचं, तेही मूल शांत राहिलं तरच वेळ वाढवायची. यात काही आठवडे जातात. मिस्टरांची जॉइनिंग आणि हा काळ एकत्र आला तर पंचाईत होते, तेव्हा तारखा आत्ताच जुळवा.

आता अभ्यास. अक्षरं, अंक, गृहपाठ यातलं काहीही नाही, आणि हे नेहमीच्या किटातही नाही. सकाळी गोल करून गाणी, किती जण आलेत याची मोजणी, मग ओढ्याकाठी किंवा पडलेल्या झाडापाशी चालत जायचं. तयार खेळणी जवळपास नसतातच. काठ्या, पाइनची बोंडं, दगड, चिखल. एकच काठी सकाळी घोडा असते, जेवणापर्यंत पूल होते. मोठ्या मुलांना खऱ्या चाकूनं लाकूड तासायला देतात, पण नियम कडक: बसूनच तासायचं, पातं अंगापासून दूर, हातात चाकू घेऊन चालायचं नाही. सासूबाईंना चाकूचं आधी सांगू नका! दोन जड ओंडके कसे हलवायचे यावर पोरं अर्धा तास वाद घालतात, तिथल्या शिक्षिका मध्ये पडत नाहीत. माझ्या मते भाषा, गणित आणि मैत्री या वादांतच शिकून होते. शिवाय जर्मन कानावर पडत राहते, ती मूल उचलतं. घरी मात्र मराठीच बोला, मराठीची काळजी तिथे दुसरं कोणी घेणार नाही.

हे परदेशी खूळ आहे असं सासूबाईंना वाटत असेल तर त्यांना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची आठवण करून द्या. 1945 साली त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला होत्या, आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. पानं, बिया, खडे हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. जर्मनीत अशा बालवाडीला पहिली सरकारी मान्यता मिळाली ती 1993 मध्ये, फ्लेन्सबुर्गला.

परत आलात तर? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिलीचं वय सहा, आणि या वयात खेळातून शिकण्यावरच भर आहे. शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला मनाई आहे. तरी एखादी शाळा पोरीला एबीसी विचारेल, हे मी नाकारत नाही. सहा वर्षांचं मूल अक्षरं झटकन शिकतं, त्यासाठी तीन वर्षं आधीपासून झुरू नका.

आजारपणाबद्दल खरं सांगते: कुठल्याही बालवाडीत पहिलं वर्ष नाक वाहण्यात जातं. पाऊस आणि थंडीत मुलं बाहेरच असतात. गरम व्हायला लाकडी गाडीसारखी खोली असते. खरी काळजी गोचिडांची. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी काखा, मांड्या, कानामागे, केसांत तपासायचं. दक्षिण जर्मनीत गोचिडांमुळे मेंदूज्वर होऊ शकतो, त्याची लस असते; गेल्यावर तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि निघण्याआधी गोवराच्या लसीचे दोन डोस झाल्याचा दाखला हवाच. 1 मार्च 2020 पासून त्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत. लसीकरणाच्या कार्डावर तारखा आणि शिक्के नीट दिसतात का पाहा, पुसट असतील तर कोल्हापुरातच नव्यानं लिहून घ्या. तिथून ही धावपळ फोनवर करणं म्हणजे वैताग.

डब्यात चपातीचा रोल, थालीपीठ, काकडी चालते. गोड नको, उन्हाळ्यात गांधीलमाश्या येतात.

निघण्याआधी तिला स्वतः चेन लावणं, बूट घालणं, शी-शूचं सांगणं शिकवा. ते अक्षरांपेक्षा उपयोगी पडेल. बेंदराला कुंभार गल्लीतून नुसते तयार बैल आणू नका, मातीचा गोळाही आणा आणि तिला बसवा. जुलैत रंकाळ्यावर भिजू द्या. कपडे चिखलात गेले तर ओरडू नका, कारण पुढे ते रोजचंच आहे.

रेनकोट, गमबूट कोल्हापुरातून नेऊ नका, आपले तिथल्या थंडीत उपयोगाचे नाहीत. माचहोजे म्हणून चिखलात घालायची रबरी पॅन्ट मिळते, ती आणि आतले लोकरीचे थर तिथे मुलांच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात स्वस्तात मिळतात. एक साइज मोठी घ्या, आत थर घालायचे असतात.

होकार कळवण्याआधी बालवाडीला तीन गोष्टी लिहून विचारा: वादळाचा इशारा असेल त्या दिवशी मुलांना कुठे ठेवता, पालकांनी वर्षातून किती वेळ साफसफाई आणि लाकूडफोडीला यायचं (अशा बऱ्याच बालवाड्या पालकच चालवतात), आणि फी जेवणासह की वेगळी. फी राज्याराज्यांत, गावागावांत वेगळी असते. बर्लिनमध्ये 2018 पासून माफ आहे म्हणून श्टुटगार्टलाही असेल असं समजू नका. उत्तर आलं की इथे टाका, मिळून वाचू.