निविदा, बयाणा आणि अडकलेलं बिल

प्रश्न : बयाणा रक्कम आणि सुरक्षा अनामत यांत फरक काय? दोन्ही भरावे लागतात का?

बयाणा निविदेसोबत भरायचा. केंद्राच्या वित्तीय नियमांत तो अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के आहे. निवड झाली नाही तर परत मिळतो, वैधतेच्या मुदतीत दर मागे घेतला तर जप्त होतो. अनामत फक्त काम मिळालेल्याने भरायची. उद्यम नोंदणी (केंद्राकडची लघुउद्योगाची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला केंद्रीय खरेदीत बयाणा माफ असतो, अनामत नाही. इथेच अनेकांची गफलत होते.

प्रश्न : आमचा लघुउद्योग आहे. एका कार्यालयाला रॅक पुरवून तीन महिने झाले. बिल मागितलं की ‘रंगात खोट आहे’ असं तोंडी सांगतात. व्याज मागता येईल?

येईल. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असं धरतात. तोंडी हरकत मोजत नाहीत. लेखी हरकत आली असेल, तर पैसे द्यायची मुदत ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजायची.

करारात ६० दिवस लिहिले असले तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांचीच. माल ५ मार्चला पोचला असेल, तर १९ एप्रिल हा शेवटचा दिवस आणि २० एप्रिलपासून व्याज सुरू. दर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तोही दरमहा चक्रवाढ. आधी व्याजाच्या हिशोबासह पत्र द्या आणि आवक क्रमांक घ्या. तरी हललं नाही, तर याच कायद्याखाली थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करा. निकाल तुमच्या बाजूने लागला, तर खरेदीदाराला तो न्यायालयात आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

सगळा दावा माल पोचवल्याच्या चलनावर, म्हणजे पोचपावतीवर, उभा असतो. भांडारातला माणूस सही करतो, तारीख टाकत नाही. तिथेच उभं राहून ती टाकून घ्या. उद्यम नोंदणी पुरवठ्याआधीची हवी. निव्वळ व्यापाऱ्याला या तरतुदींचा आधार मिळत नाही.

प्रश्न : तांत्रिक छाननीत आमची निविदा बाद झाली, कारण सांगत नाहीत.

लेखी विचारा. केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या नियम १७३ प्रमाणे विचारणा झाल्यास कारण द्यावंच लागतं. कार्यादेश निघण्याआधी विचाराल तर उपयोग. ‘विनिर्देश (मालाचे तांत्रिक निकष) एकाच कंपनीसाठी बेतले आहेत’ ही तक्रार मात्र निविदापूर्व बैठकीतच मांडा; लिफाफे उघडल्यावर तिला फारसं वजन राहत नाही.