'काचिप'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : सिंगापूरच्या पेरानाकान (मलाय प्रदेशात स्थायिक झालेल्या चिनी वगैरे लोकांचा मिश्र समाज) संग्रहालयात विड्याच्या साहित्याचे जे संच आहेत, त्यांतील 'काचिप' असे मलाय नाव असलेल्या वस्तूला मराठीत 'सुपारी कापण्याची कात्री' म्हणावे की 'अडकित्ता', आणि 'अडकित्ता' हा शब्द 'अडकणे'वरून आला आहे का?

अडकित्ताच म्हणावे. कात्रीचा खिळा मध्ये असतो आणि तिची दोन्ही पाती धारदार असतात. काचिपच्या दोन दांड्या मात्र एका टोकाला जोडलेल्या असून वरच्या दांडीला धार असते, तर खालची बोथट दांडी सुपारीला नुसता आधार देते. वरची दांडी पुष्कळदा घोड्याच्या डोक्याच्या आकाराची घडवलेली असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही वस्तू ओळखायला क्षणही लागणार नाही.

'अडकणे'शी या शब्दाचा संबंध नाही, जरी सुपारी त्यात अडकते हे खरे असले तरी. कानडीत सुपारीला 'अडके' आणि या हत्याराला 'अडकत्तरी' म्हणतात, तेलुगूत 'अडकत्तेर'. आपला शब्द याच कुळातला आहे. मलयाळमच्या 'अडक्का'वरूनच पोर्तुगीजांनी 'अरेका' हे सुपारीचे नाव युरोपात नेले, म्हणजे वनस्पतिशास्त्रातले 'अरेका' आणि आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता हे एकाच मुळाचे आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मलायमध्ये सुपारीला 'पिनांग' म्हणतात, आणि मुलीला मागणी घालण्याला त्यावरूनच 'मेमिनांग'. आपल्याकडे लग्न ठरले की सुपारी फुटते. त्यामुळे 'मेमिनांग'साठी नुसते 'मागणी घालणे' लिहिण्याऐवजी सुपारीचा उल्लेख असलेली टीप जोडावी, म्हणजे लग्नाच्या प्रसंगी हा संच का मांडत, हे मराठी वाचकाला आपोआप कळेल.

नोंदी करताना एका शब्दाला मात्र जपावे. संचातल्या एका लहानशा डबीवर 'कापूर' असे मलाय नाव आढळले, तर 'कापराची डबी' असे मुळीच लिहू नये. मलायमध्ये नुसता 'कापूर' म्हणजे चुना. आपल्या कापराला तिथे 'कापूर बारुस' म्हणतात, आणि बारुस हे सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचे जुने बंदर आहे. तेव्हा ती चुन्याची डबी, म्हणजे आपले चुनाळे.