परदेशी शिकायला जाताना लॅपटॉप: पैसे कशावर घालावेत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डेटा सायन्समध्ये मास्टर्स करायला जायचंय, दोन विद्यापीठांची उत्तरं यायची असल्याने देश अजून नक्की नाही, आणि समोर एकाच किमतीचे दोन लॅपटॉप आहेत. एकात वरच्या श्रेणीचा प्रोसेसर, पण रॅम (चालू कामाची मेमरी) ८ जीबी आणि स्क्रीन यथातथाच. दुसऱ्यात प्रोसेसर एक पायरी खालचा, पण रॅम १६ जीबी आणि स्क्रीन चांगली. शिवाय, लॅपटॉप निघण्याआधी घ्यावा की तिकडे पोचल्यावर?

दुसरा घ्या. यात मला फारशी शंका नाही. कारणं सांगतो, म्हणजे पुढे तिसरा पर्याय समोर आला तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मी बाहेर राहायला लागून बरीच वर्षं झाली. दर सत्राला नवीन मुलं येतात, त्यांच्या तक्रारी ऐकतो. 'प्रोसेसर कमी पडतो' असं म्हणणारं क्वचित भेटतं. 'रॅम भरते, सगळं अडकतं' हे मात्र सतत कानावर येतं. विंडोज ११ नुसतं सुरू झालं तरी तीन-चार जीबी खातं. त्यावर ब्राउझरचे वीसेक टॅब, एक व्हिडिओ कॉल, एखादी मोठी पीडीएफ आणि तुमचं कोड लिहायचं नोटबुक (ज्युपिटरसारखं) उघडलं की ८ जीबीत काही उरत नाही. मग मशीन एसएसडीचा, म्हणजे फाईली साठवायच्या डिस्कचा, काही भाग रॅमसारखा वापरायला लागतं आणि तुमचा तो वरच्या श्रेणीचा प्रोसेसर हात बांधून बसतो. पायथनच्या पांडाजसारख्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) डेटाची फाईल उघडली की ती डिस्कवर असते त्यापेक्षा मेमरीत बरीच फुगते, हे तुमच्या विषयात पहिल्याच महिन्यात कळेल.

म्हणून १६ जीबी ही किमान मर्यादा धरा. ३२ मिळत असेल आणि खिशाला झेपत असेल तर जरूर घ्या. 'नंतर वाढवू' असं म्हणण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा: रॅम स्लॉटमध्ये आहे की बोर्डावर सोल्डर केलेली? तपशिलात एलपीडीडीआर५ किंवा एलपीडीडीआर५एक्स लिहिलं असेल तर ती जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली असते, ती वाढत नाही. ॲपलच्या सध्याच्या सगळ्या लॅपटॉपमध्ये तर ती चिपसोबतच येते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेतही तसंच, आणि तिथे रॅम किती हे प्रोसेसरच्या क्रमांकातच दडलेलं आहे: २५६व्ही म्हणजे १६ जीबी, २५८व्ही म्हणजे ३२. साधं डीडीआर५ आणि रिकामा स्लॉट असेल तर नंतर स्वतः स्क्रू काढून बसवता येते, काम दहा मिनिटांचं. काही मॉडेलमध्ये ८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट अशी खिचडी असते, तीही चालते. फक्त स्लॉट रिकामा ठेवू नका. रॅमच्या एकाच पट्टीवर चालणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सचा वेग बराच घटतो.

आता प्रोसेसर. इथे लोक '५', '७', '९' हे आकडे बघून भुलतात. त्या आकड्याने श्रेणी कळते, वय कळत नाही. पूर्ण क्रमांक वाचायची सवय लावा. एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या ७००० मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. रायझन ७ ७७३०यू मध्ये तिसरा अंक ३, म्हणजे झेन ३ (झेन हे एएमडीच्या रचनेचं नाव). रायझन ७ ७८४०यू मध्ये ४, म्हणजे झेन ४. दोन्ही 'रायझन ७', दोन्हींवर स्टिकर सारखंच, पण ग्राफिक्समध्ये दुसरा बराच पुढे. आणि रायझन ५ ७५२०यू म्हणजे चक्क झेन २. 'सात हजार मालिका, नवीन आहे' म्हणून तोच पुढे केला जातो, त्याला सरळ नाही म्हणा. इंटेलकडेही तोच प्रकार आहे. 'कोअर अल्ट्रा' आणि नुसतं 'कोअर' यांत फरक आहे. अल्ट्रा नसलेला कोअर ७ १५०यू आतून आधीच्याच पिढीचा आहे.

मागच्या अक्षराकडेही बघा. यू किंवा व्ही म्हणजे कमी वीज, जास्त बॅटरी, कमी आवाज. एच म्हणजे जोर जास्त, उष्णताही जास्त. एचएक्स म्हणजे जवळपास डेस्कटॉपच पाठीवर घेऊन फिरणं. तुम्हाला मोठी मॉडेल ट्रेन करायची असतील तर ते काम विद्यापीठाच्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर होतं, लॅपटॉप ही त्याची फक्त खिडकी. दिवसभर वर्ग, मग लायब्ररी, मग बस, यात यू किंवा व्हीच सोयीचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेली गेमिंग मशीन घेऊन येणारे बरेच जण असतात. लायब्ररीत पंख्याचा घूं आवाज सुरू झाला की आजूबाजूचे वळून बघतात, आणि विटेएवढा चार्जर रोज वाहून खांदा दुखतो तो वेगळाच. स्थानिक मशीनवरच कुडा (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर गणनं चालवायची प्रणाली) वापरायची अट तुमच्या अभ्यासक्रमाने घातली असेल तरच तो विचार करा.

स्नॅपड्रॅगन एक्सवाल्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी छान चालते, पण तो एआरएम प्रोसेसर आहे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर इम्युलेशनने, म्हणजे मधल्या भाषांतराने, चालतात, मात्र जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर लागणारी, म्हणजे काही व्हीपीएन, काही प्रिंटर, प्रयोगशाळेतली उपकरणं, अडू शकतात. मॅकचं थोडं वेगळं: पायथन, आर या प्रोग्रामिंग भाषा, सगळं उत्तम, पण सॉलिडवर्क्स (यंत्रभागांचं डिझाइन) किंवा आर्कजीआयएस प्रो (नकाशांचं काम) यांची मॅकसाठी आवृत्तीच नाही. प्रवेश नक्की झाला की विभागाच्या संकेतस्थळावर लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी शोधा. बहुतेक ठिकाणी ती असते, आणि ती वाचायला माझ्या या उत्तराइतकाही वेळ लागत नाही.

स्क्रीनबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात, आणि रोज आठ-दहा तास बघायचं तिच्याकडेच. चार गोष्टी बघा. आकार १४ इंच, पाठीवर नेण्याजोगा. रिझोल्यूशन १९२०×१२००, म्हणजे १६:१० चं प्रमाण. नेहमीच्या १९२०×१०८० पेक्षा उभ्या १२० ओळी जास्त, कोड आणि पेपर वाचताना हा फरक जाणवतो. ब्राइटनेस किमान ३००, शक्यतो ४०० निट्स (उजेड मोजायचं एकक). २५० ची स्क्रीन खोलीत ठीक वाटते, खिडकीजवळ बसलात की त्यात आपलंच तोंड दिसतं. आणि रंग: एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायची मापं. तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर ती स्वस्त, फिकट स्क्रीन समजा. '१०० टक्के एसआरजीबी' बघा. ओएलईडी दिसायला सुंदर असते यात वाद नाही, पण बऱ्याच पॅनेल चकचकीत असतात, आणि ब्राइटनेस कमी ठेवला की काहींच्या डोळ्यांना तिची लुकलुक सहन होत नाही. तुम्हाला मायग्रेनचा त्रास असेल तर आधी दुकानात अर्धा तास तिच्यासमोर काढा. १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी) असेल तर उत्तम, नसेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आता निघण्याआधी की नंतर. चार्जरची चिंता नको. त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, फक्त भिंतीकडची केबल किंवा पिन बदलावी लागते. यूएसबी-सीवर चार्ज होणारा घेतलात तर तीही कटकट कमी. विमानाच्या नियमांत १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय नेता येते. बहुतेक लॅपटॉप त्या आतच असतात. खरे मुद्दे दोन: वॉरंटी आणि कीबोर्ड. काही कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते, काहींच्या फक्त महागड्या मॉडेलवर आंतरराष्ट्रीय असते. तोंडी आश्वासनावर जाऊ नका, मॉडेल क्रमांक घालून कंपनीच्या साइटवर वाचा. वॉरंटी नसताना बाहेर दुरुस्ती करायची वेळ आली तर मजुरीच अनेकदा सुट्या भागापेक्षा जास्त पडते. कीबोर्डचं म्हणाल तर, जर्मनीत विकत घेतलात तर वाय आणि झेडच्या जागा बदललेल्या मिळतील, फ्रान्समध्ये ए आणि क्यूच्या. सवय होते, पण पहिल्या परीक्षेच्या आठवड्यात नको.

तेव्हा माझं मत असं: तुमच्या मॉडेलला आंतरराष्ट्रीय वॉरंटी असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी घ्या, नसेल तर तिकडे विद्यार्थी सवलतीत घ्या आणि तोवर हातातलं मशीन चालवा. ते इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं असेल तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसणार नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. त्यामुळे त्यावर बँकेचे व्यवहार टाळा.

आधीच घेतलात तर पहिल्या दोन दिवसांत पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल बघा, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि स्लॉट मोजा, आणि बॅटरीवर एक व्हिडिओ कॉल संपेपर्यंत चालवून बघा. खोट निघाली तर बदलून घ्यायला विक्रेता हाताशी असतानाच निघालेली बरी. दुसऱ्या पर्यायाचा पूर्ण मॉडेल क्रमांक इथे टाका, रॅम सोल्डर आहे का ते बघून सांगतो.