ऑनलाइन वर्ग भरले, तरी शिक्षण का अडलं?

प्रश्न : कोविडकाळात युगांडात आरोग्य-संशोधनाचे वर्ग ऑनलाइन भरले, तरी विद्यार्थी मागे का पडले?

उत्तर : पिपेट (द्रव मोजून घेण्याची नळी) धरणं, रक्तनमुने हाताळणं पडद्यावर शिकता येत नाही. मार्च २०२० मध्ये युगांडाचा एन्टेबे आंतरराष्ट्रीय विमानतळ प्रवाशांसाठी बंद झाला. परदेशी मार्गदर्शकांचं येणं-जाणं थांबलं. संशोधनासाठी लोकांच्या प्रत्यक्ष मुलाखतीऐवजी फोन करायचा, तर संशोधनाच्या आराखड्यातला बदल नैतिकता समितीकडून (सहभागींचं हित जपलं जातं का, हे तपासणारी समिती) मंजूर करून घ्यावा लागतो, तोंडी संमतीचा मजकूर नव्याने लिहावा लागतो. शिवाय फोन नसलेली घरं, म्हणजे बहुधा सर्वांत गरीब, पाहणीतून गळतात आणि निष्कर्ष एकांगी होतो. हे नुकसान नंतर भरून निघत नाही. डेटाही महाग : जुलै २०२१ पासून तिथे इंटरनेट डेटावर १२ टक्के कर लागला. म्हणून थेट व्हिडिओपेक्षा उतरवून घेता येणारा ध्वनिमुद्रित धडा आणि पीडीएफ द्या. शिष्यवृत्तीची मुदतही वाढवा.