पुण्यतिथी का म्हणायचे?

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

फेडएक्स या पार्सल पोहोचवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांच्या स्मृतिदिनाचा उल्लेख करताना मी परवा फोनवर ‘पुण्यतिथी’ हा शब्द वापरला, तेव्हा तू मला थांबवून विचारलेस की, जो माणूस व्हिएतनामच्या युद्धात लढला आणि परतल्यावर पार्सलांच्या वाहतुकीतून अब्जाधीश झाला, त्याच्या मृत्यूच्या दिवसात पुण्य कुठून आले. प्रश्न तू मनापासून विचारला होतास आणि फोनवर मला त्याचे धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

घरातले माणूस गेले की आपण त्याचे वर्षश्राद्ध करतो; ज्याचे ऋण घराबाहेरच्या अनेकांवर असते, त्याची पुण्यतिथी पाळतो. लहानपणी आमच्या शाळेत दर 1 ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीची भाषणे होत. त्या दिवशी कोणी शोक करत नसे. एकेका मुलाने उभे राहून त्या माणसाने काय केले ते सांगायचे, एवढाच तो विधी असे, आणि मृत्यूचा दिवस कामाचा हिशेब सांगण्यासाठी असतो ही समजूत माझ्या मनात तिथेच रुजली. स्मिथ गेले ते 21 जून 2025 रोजी, वयाच्या 80 व्या वर्षी. त्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी होती. तिथी धरली तर इंग्रजी तारीख दर वर्षी पुढेमागे होते, म्हणून आपल्याकडेही आता बहुतेक जण तारीखच धरतात.

आता त्यांचा हिशेब सांगते. बस कंपनी उभारणारे वडील ते अवघे चार वर्षांचे असताना वारले, आणि हाडाच्या विकारामुळे बालपणाची काही वर्षे त्यांना नीट चालताही येत नव्हते. पुढे 1966 मध्ये येल विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते मरीन कोअर या अमेरिकेच्या लढाऊ दलात अधिकारी झाले. श्रीमंत घरातल्या पदवीधराला युद्ध टाळण्याच्या वाटा त्या काळी सापडत असत. ते मात्र दोन वेळा व्हिएतनामला गेले, पहिल्या खेपेस पायदळात आणि दुसऱ्या खेपेस निरीक्षण विमानांतून. 1968 च्या मे महिन्यात त्यांच्या तुकडीवर मोठा हल्ला झाला, तेव्हा त्यांनी गोळीबारातून जखमी जवानांना आडोशाला नेले आणि स्वतः उघड्यावर थांबून तोफांचा आणि विमानांचा मारा कुठे हवा ते कळवत राहिले. या कामगिरीसाठी त्यांना ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक मिळाले. त्याखेरीज एक ‘ब्राँझ स्टार’ आणि दोन ‘पर्पल हार्ट’ त्यांच्या नावावर आहेत.

यांपैकी ‘पर्पल हार्ट’पाशी मी नेहमी थांबते, कारण ते पदक पराक्रमासाठी दिलेच जात नाही, शत्रूच्या हातून जखम झाली किंवा मरण आले, एवढ्याचीच ती नोंद असते. रणांगणावर मरण आलेल्याला आपण ‘धारातीर्थी पडला’ म्हणतो, म्हणजे शस्त्राच्या धारेलाच तीर्थाचा मान देतो. जखमा घेऊन परत आलेल्यासाठी मात्र तितका मोठा शब्द माझ्या ओठांवर येत नाही, आणि तो असायला हवा होता असे मला वाटते, कारण मेलेल्या सोबत्यांची आठवण घेऊन पुढची पन्नास-साठ वर्षे त्यालाच जगायचे असते. ते युद्ध योग्य होते की नाही, याविषयी तुझे मत मला ठाऊक आहे आणि ते मी खोडून काढणार नाही. खुद्द स्मिथ सांगत असत की, इतका विध्वंस पाहिल्यावर काहीतरी उभारायचेच, असे ठरवून ते परतले.

उभारले काय, ते तू मेम्फिसमध्ये, त्यांच्या कंपनीच्या मुख्य विमानतळाच्या शहरात, वाढल्यामुळे रोज रात्री पाहिलेस. तातडीचा माल देशभर पोहोचवण्याच्या गरजेवर त्यांनी येलमध्येच एक निबंध लिहिला होता. बँकांचे धनादेश जसे एका ठिकाणी जमा होऊन वटणावळीनंतर आपापल्या बँकेकडे जातात, तशी सगळ्या शहरांतली पाकिटे मध्यरात्री एकाच विमानतळावर आणायची, तिथे वर्गवारी करायची आणि उजाडण्यापूर्वी परत पाठवायची, ही त्यांची कल्पना होती. शेजारच्या गावी जाणारे पाकीटही आधी शेकडो मैल लांब मेम्फिसला नेणे वेडेपणाचे वाटे, पण प्रत्येक शहर दुसऱ्या प्रत्येक शहराशी जोडण्यापेक्षा सगळी शहरे एका केंद्राशी जोडायला विमाने फार कमी लागतात. 1971 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि 17 एप्रिल 1973 च्या पहिल्या रात्री 14 छोट्या विमानांनी 25 शहरांसाठी 186 पाकिटे नेली. सुरुवातीच्या तोट्याच्या काळात त्यांनी उरलेली रक्कम लास व्हेगासच्या जुगारात लावून इंधनाचे पैसे मिळवले, ही गोष्ट लोक रंगवून सांगतात. तू ती फार मनावर घेऊ नकोस. कंपनी तरली ती गुंतवणूकदारांना पुन्हा पुन्हा गाठून पटवत राहिल्यामुळे आणि पगाराची खात्री नसतानाही लोक कामावर येत राहिल्यामुळे. पुढे 1984 मध्ये सेवा युरोप-आशियात गेली आणि 1989 मध्ये त्यांनी ‘फ्लाइंग टायगर’ ही मालवाहू विमान कंपनी घेतली, तिच्याबरोबर आशियातले उतरण्याचे हक्कही आले. तीसुद्धा दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांनी 1945 मध्ये सुरू केलेली कंपनी होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला दिसते ते त्यांच्या मालकीत नाही, त्यांनी माणसांना वागवले त्या रीतीत आहे. आपल्या हाताखालच्यांची काळजी घेणे हा मरीन कोअरमध्ये मिळालेला सर्वांत मोठा धडा आहे, असे ते म्हणत. म्हणून कंपनीच्या ब्रीदात ‘माणसे, सेवा, नफा’ हा क्रम आहे, नफा शेवटी. नौदलात जहाजाने उत्तम काम केले की ‘ब्राव्हो झुलू’ असा संकेत देतात. तोच त्यांनी कर्मचाऱ्यांच्या शाबासकीसाठी घेतला. 2022 मध्ये त्यांनी सूत्रे सोपवली ती कंपनीतच वाढलेल्या, आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेल्या राज सुब्रमण्यम यांच्याकडे. लष्करी जवानांच्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी भरीव देणग्या दिल्या, आणि आपल्याला कामाशी देणेघेणे आहे, नाव लागण्याशी नाही, असे सांगितले. याला आपल्याकडे पुण्य म्हणतात, लेकी. ज्याचा उपयोग दुसऱ्याला होतो आणि जे देणाऱ्याच्या मागे इथेच राहते.

पुढच्या 21 जूनला तू घरी असशील, तर आमच्या शाळेच्या रीतीने तुलाच पाच मिनिटे बोलायला उभे करणार आहे. सुरुवात त्या आडोशाला नेलेल्या जखमी जवानांपासून कर, मग 186 पाकिटांकडे ये. बोलणे संपेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतील. मग मागच्या अंगणात जाऊ आणि उतरणाऱ्या विमानांच्या दिव्यांची रांग बघत बसू.

तुझी,
आई