तालीम सुटली, खुराक सुटला नाही

प्रिय पैलवान,

अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचा फोटो मिळाला. वय २९, एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १६८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २४०. दोन्ही जास्त. "डॉक्टर, मी बाहेरचं काही खात नाही, सगळं घरचंच," असं लिहिलंयस. खरं आहे, आणि गोम तिथंच आहे. आखाडा सोडून चार वर्षं झाली. आता कुपवाडच्या एमआयडीसीत तू आठ तास खुर्चीत असतोस, पण आईनं लावलेला खुराक अजून तालमीतलाच आहे. दोन वेळचं मिळून दोन लिटर म्हशीचं दूध, भाकरीवर तुपाची धार, आठवड्यातून तीनदा मटण.

हिशेब करू. म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश. दोन लिटरांत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त संपृक्त चरबीचा, म्हणजे तुपासारख्या थिजणाऱ्या चरबीचा. बैठं काम करणाऱ्यानं अशी चरबी दिवसभरात सगळं धरून २२-२४ ग्रॅमच्या पुढं जाऊ देऊ नये. तुझी तिप्पट नुसत्या दुधातूनच होते. तूप आणि मटण अजून मोजलेलंच नाही.

रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं काम यकृताच्या पेशी करतात, त्यासाठी त्यांच्यावर रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारे जणू हात असतात. संपृक्त चरबी वाढली की हे रिसेप्टर कमी होतात, एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतीत साचत जातं. दुखत नाही, दम लागत नाही. म्हणून तर तुला वाटतं, आपण ठणठणीत आहोत.

कवठे पिरानच्या पैलवान मारुती मानेंनी १९६२ साली जकार्त्याहून आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक आणलं. आपल्याकडं पोरं त्यांच्या खुराकाच्या गोष्टी ऐकतच मोठी होतात. पण त्या खुराकामागं पहाटेपासूनचे जोर, बैठका आणि लढती असायच्या. ती मेहनत पुष्कळ काही जाळते. सगळं जाळते असं मात्र समजू नकोस, कसलेल्या पैलवानाचंही एलडीएल वाढलेलं मी पाहिलंय.

आता दूध तोडून त्याच्या जागी बिस्किटं आणि खारी खाल्लीस तर काही साधणार नाही. कमी केलेल्याची जागा कशानं भरतोस, यावर सगळं आहे. दूध अर्धा लिटर, तेही टोण्ड. ताकद जाईल ही भीती मला कळते, म्हणून डाळ-उसळ वाढव. मटकी, हुलगा, साताऱ्याकडचा घेवडा, यांत प्रथिनंही आहेत आणि कोलेस्टेरॉल खाली आणणारा विद्राव्य तंतूही. हुलग्याचं माडगं तुमच्या पिढीनं सोडलं, ते परत चालू कर. शाळूची भाकरी आहेच. तिच्यावर तुपाची धार नको, जवसाची चटणी घे. मटणाच्या दोन वारांना अंडं किंवा बांगडा चालेल. तिसरा वार राहू दे, पण रश्श्यावरचा तवंग काढून. गावच्या जत्रेला मी नाही म्हणणार नाही. जत्रा वर्षातून एकदाच येते.

फोडणीला शेंगतेल किंवा करडई, माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरावं. आईला सांग, भरली वांगी तेलात पोहल्याशिवायही होतात. (कृष्णाकाठच्या वांग्याला मुळात चव असते, बिचाऱ्याला बुडवायचं कशाला?) "देशी तूप कितीही खा, हृदयाला चांगलंच" असे मेसेज तुलाही येत असतील. चमचाभर खा, त्याला औषध मात्र समजू नकोस.

ट्रायग्लिसराइडचा माग साखरेकडं आणि दारूकडं जातो. दारू तू घेत नाहीस, मग कँटीनचे गोड चहा मोज. बेदाणे तासगावचे असले तरी मूठभरच, साखर तीही आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. त्यात भडंग, पापड, लोणचं, ठेचा सगळं आलं. भडंगाची पिशवी संध्याकाळी एकट्यानं संपवतोस हे मला ठाऊक आहे. गाड्यावरची भजी कधीतरी ठीक, पण तेल काळं दिसलं की पुढं चालायला लाग.

तंबाखूची चिमूट चालू असेल तर आधी ती. ती सुटली नाही तर वरचं सगळं लिहिणं फुकट.

चालायला आमराईत जा किंवा घाटावर, पण रोज जा. १२ आठवड्यांनी लिपिड, म्हणजे रक्तातली ही चरबी, पुन्हा तपासू. येताना वडिलांचे जुने कागद आण, त्यांना पन्नाशीच्या आत झटका आला होता आणि हे असं घराण्यातही उतरतं. एवढं करून आकडा हलला नाही आणि मी गोळी लिहून दिली, तर "पैलवानाला गोळी कशाला" म्हणून वाद घालायचा नाही.

तुझा,
डॉक्टरकाका
मिरज